दगड काढल्यावर

बाबांचा खालचा पुढचा दात पडला, तेव्हा त्यांनी तो धुतला, रुमालावर ठेवला आणि मला दाखवला. दात शाबूत होता. कीड नव्हती, कुठे तुकडा उडाला नव्हता. फक्त मुळाच्या अर्ध्यापर्यंत काळपट पिवळा दगड चढला होता.

"डॉक्टर म्हणे साफ करून घ्या," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, दगड काढला का दात हालते. आता दगड बी राहिला अन् दात बी गेला."

आमच्याकडे, मूल-सिंदेवाहीच्या बाजूला, हे वाक्य तुम्हाला घराघरात ऐकू येईल. पण बाबांच्या डोक्यात ते पक्कं केलं मी. कॉलेजात असताना चंद्रपूरला एका दवाखान्यात स्केलिंग करून घेतलं होतं. वीस मिनिटांत काम झालं, पैसे दिले, बाहेर आलो. पुढे काय होईल, काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. घरी येऊन माठातलं पाणी प्यायलो तर दात झिणझिणले. जिभेला दातांमधल्या फटी लागत होत्या. मी घरभर सांगत सुटलो, "दात खराब करून ठेवले त्यानं." बाबांनी ते ऐकलं आणि दहा वर्षं दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

दात पडल्यावर मी वाचायला बसलो. पहिलंच सापडलं ते फार जुनं निघालं. सुश्रुतसंहितेत दातांवर घट्ट बसलेल्या मळाला 'दंतशर्करा' म्हटलं आहे. शर्करा म्हणजे इथे साखर नव्हे, वाळूचे खडे. तो काढायला 'दंतशंकू' नावाचं वेगळं शस्त्र आहे. पण मला थांबवलं ते उपचाराच्या वर्णनानं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला, हिरड्यांना इजा न करता शर्करा काढावी. दुसरा, त्यानंतर लाखेचं चूर्ण मधात मिसळून तिथे चोळावं. म्हणजे दगड काढला की काम संपलं, असं वैद्य मानत नव्हता. लाख देणारे किडे आपल्याच जंगलातल्या पळसावर आणि कुसुमावर वाढतात. (आज कोणी लाख चोळू नये. मुद्दा औषधाचा नाही, काढल्यानंतरच्या काळजीचा आहे.)

त्याच ग्रंथात 'दंतवेष्ट' नावाचा हिरड्यांचा रोग आहे. रक्त-पू येतो आणि दात हलू लागतात, असं त्याचं लक्षण. म्हणजे दात हलतो तो रोगानं, हेही तेव्हा ठाऊक होतं.

हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ अल-जहरावी नावाचा शल्यवैद्य होता. त्यानं आपल्या ग्रंथात दात खरवडायच्या चौदा हत्यारांची चित्रं दिली, कारण दाताच्या आतल्या, बाहेरच्या आणि मधल्या बाजूला एकच हत्यार चालत नाही. एका दिवसात झालं नाही, तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा खरवडा, असंही तो सांगतो. 1683 साली हॉलंडच्या लेव्हेनहुकनं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहिला. हा माणूस रोज सकाळी मिठानं दात घासायचा, तरी त्या थरात त्याला वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले.

तो मऊ थर वेळेवर निघाला नाही, की लाळेतलं कॅल्शियम त्यात बसून त्याचा दगड होतो. 1965 साली हॅराल्ड लोए यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर थोड्या दिवसांत बऱ्या झाल्या. स्केलिंग एकदाचं असतं, थर रोजचा असतो, हे यातून स्पष्ट झालं.

मग दात हलतात का? दगडाखाली हिरडी सुजते, मग दाताला धरणारं हाड हळूहळू झिजतं. फटीत भरलेला दगड दाताला टेकू दिल्यासारखा वाटतो. तो काढला, सूज उतरली, की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. मुळाचा भाग मोकळा होतो म्हणून थंड झोंबतं. आळ मात्र साफ करणाऱ्यावर येतो.

आपल्याकडे हा आळ टिकला, कारण समजावणारे दूर होते. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात काढलं. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आलं ते 1968 साली. तोवर आणि नंतरही जंगलपट्ट्यात कडुनिंबाची, करंजाची काडी होती. पाठोपाठ खर्रा आला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून गालात धरला, की तिथली हिरडी खाली सरकते. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली, गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' दारू-तंबाखूविरुद्ध काम करतं आहे. पण पानठेल्यावर घोटण्याचा आवाज अजून येतोच.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन गेलो. या वेळी डॉक्टरीणबाईंनी खुर्चीतून उठवण्याआधी सगळं सांगितलं. दोन-तीन दिवस थोडं रक्त येईल, घाबरू नका. थंड-गरम काही दिवस झोंबेल. कोमट पाण्यात मीठ घालून हळू गुळण्या करा. मऊ ब्रशनं दोन वेळा घासा, दुखतं म्हणून घासणं सोडू नका. दातांच्या फटींतही साफ करा. मीठ, राखुंडी, कोळसा हिरडीवर रगडू नका. खर्रा बंद. रक्त थांबलं नाही, पू आला किंवा सूज वाढली तर लगेच या. साखरेची बीमारी असेल तर ती आटोक्यात ठेवा, नाहीतर हिरड्या भरत नाहीत. आणि हलणारे दात किती टिकतील, ते तीन महिन्यांनी पाहून सांगते.

तिसऱ्या दिवशी बाबांनी माठातलं पाणी घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"झोंबते रे."

"झोंबेल काही दिवस. मग कमी होते," मी म्हटलं.

दहा वर्षांपूर्वी मला एवढंच कोणी सांगितलं असतं, तर मी घरी येऊन बाबांना हेच सांगितलं असतं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा घोट कोमट करून घेतला. खर्रा पूर्ण सुटलेला नाही. पण पडलेल्या दातानंतर अजून एकही पडला नाही.