तेल दाबतं, आटे धरतात

गेल्या विकांताला मामाकडे सुदुंबऱ्याला जाऊन आलो. आपल्यासारख्या आयटीवाल्यांना तळेगाव-चाकण रस्ता माहीत असतो तो ट्रॅफिकमुळे. पण सुदुंबरे म्हणजे संताजी जगनाडे महाराजांचं समाधीस्थान. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, जातीने आणि धंद्याने तेली. तुकोबांचे अभंग त्यांनी वहीत उतरवून ठेवले. त्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये गाथा छापला. असो, संताजींकडे शेवटी परत येऊच.

मामा म्हणजे जुना फिटर. रिटायर झाल्यावर घरामागे पत्र्याची शेड टाकून वेल्डिंग, ग्रिल, शेतीच्या अवजारांची दुरुस्ती असलं काम करतो. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा गेला. शेगडा (म्हणजे आपला बेंच व्हाइस हो) आवळायला जोर लागतो आणि तो जोर आता नाही. पोरगा ठेव म्हटलं तर म्हणतो, "अरे, व्हाइस आवळायला माणूस ठेवला तर मी काय नुसता बघत बसू?" मग पठ्ठ्याने भंगारातनं ट्रकचा बॉटल जॅक आणला आणि हायड्रॉलिक व्हाइसच बनवायला घेतला.

यामागचं गणित सोपं आहे. पास्कलने सांगितलं की कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो (त्याचा हा ग्रंथ तो गेल्यावर, १६६३ साली छापला गेला). समजा, जॅकचा छोटा दट्ट्या १० मिलिमीटरचा आणि मोठा ३० चा. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. वर दांड्याची दहापट तरफ. म्हणजे हाताने २० किलोचा जोर दिला की जबड्यावर १८०० किलो! दुखऱ्या खांद्याला अजून काय पाहिजे?

पण पास्कलनंतर असं यंत्र प्रत्यक्षात यायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला. लंडनमधल्या जोसेफ ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. अडचण एकच होती, गळती. दट्ट्याभोवती भरलेलं पॅकिंग सैल ठेवलं तर पाणी बाहेर, घट्ट ठेवलं तर दट्ट्या अडकून बसायचा. तोड निघाली ती चामड्याच्या वाटीसारख्या वायसरने. आत दाब वाढला की वाटीची कड आपोआप भिंतीला चिकटते, दाब गेला की सैल होते. सायकलच्या पंपात असतो ना, तसाच. म्हणजे जो दाब गळती करतो त्यालाच गळती बंद करायला लावायचं. मला तर हे कुठल्याही डिझाइन पॅटर्नपेक्षा भारी वाटतं.

या वायसरचं श्रेय दिलं जातं ते ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ले या कारागिराला. पेटंट अर्थातच मालकाच्या नावावर. मॉड्स्लेला आठवड्याला ३० शिलिंग मिळायचे, त्याने वाढ मागितली, मालक नाही म्हणाला. (अप्रेझलचा इतिहास मोठा आहे मंडळी!) १७९७ साली तो बाहेर पडला आणि स्वतःचं दुकान थाटलं. तिथे १८००च्या सुमाराला त्याने असं लेथ बनवलं की त्यावर अचूक आणि एकसारखे आटे पाडता येऊ लागले. आजच्या प्रत्येक व्हाइसमधल्या स्क्रूची वंशावळ तिथपर्यंत जाते.

ब्रामाचा प्रेस पुढे आपल्याकडेही आला. जहाजात कापूस कमी जागेत मावावा म्हणून गाठी आवळायच्या असत, आणि त्यासाठी मुंबईत आणि वऱ्हाड-खानदेशात प्रेस बसले. पण कामगाराच्या बाकावर राहिला तो स्क्रूच. असं का, ते मला मामाच्या शेडमध्ये कळलं.

मामाचा पहिला प्रयोग फसला. जॅक आडवा टाकला तर तो तेलाऐवजी हवाच ओढायला लागला. पंपाची बाजू खाली केली तेव्हा चालू झाला. जबडा मागे यायला दोन स्प्रिंगा लावल्या. मग रात्री एक जॉब आवळून झोपला, तर सकाळी जॉब सैल. व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचरा अडकला होता आणि तेल थेंबाथेंबाने मागे गेलं होतं.

स्क्रूचं असं होत नाही. २५ सेंटिमीटरचा दांडा आणि ५ मिलिमीटरचे आटे धरले तर कागदावर ३१४ पट जोर मिळायला हवा. पण त्यातला निम्म्याहून बराच जास्त घर्षण खाऊन टाकतं. आपल्याला वाटतं, काय हा अपव्यय! पण जो स्क्रू आपोआप मागे फिरत नाही, त्याची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या खालीच असावी लागते. जे घर्षण आपला जोर खातं, तेच नंतर रात्रभर जॉब धरून ठेवतं. दाबणं आणि धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मामाला हे सूत्र मांडून दाखवायची गरजच नव्हती. त्याने स्थिर जबड्यातून आटे पाडलेले दोन जाड दांडे काढले, ते चालत्या जबड्यातून आरपार नेले आणि मागे नट घातले. आता जॅकने दाबायचं आणि मग दोन बोटांनी नट फिरवून जबड्याला टेकवायचे. नंतर तेल मागे गेलं तरी नट सोडत नाही. जॉब काढताना पुन्हा थोडं पंप करायचं, की नट मोकळे. खांद्याला काही काम नाही. दाबायला मॉड्स्लेचा वायसर, धरायला मॉड्स्लेचेच आटे!

परत निघताना समाधीपाशी थांबलो. तेलाच्या घाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला दाब म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण आज आपण त्यांचं नाव घेतो ते तेल काढलं म्हणून नाही, तर दुसऱ्याचे शब्द धरून ठेवले म्हणून.

मामा फाटकापर्यंत आला होता. म्हणाला, "पुढच्या वेळेस येशील तेव्हा दोन चांगल्या स्प्रिंगा घेऊन ये, या भंगारातल्या आहेत."

आणायच्या आहेत. विसरायचं नाहीये.