जनीचे जाते आणि बहिणाबाईचे वासरू

ताहराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये 'भक्तविजय' हातावेगळा केला, तेव्हा जनाबाईला जाऊन चार शतके लोटली होती, आणि इतक्या काळात भक्तांच्या मुखी तिची कथा पुष्कळच अलौकिक झाली होती. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली आणि दळणकांडण करता करता तिने अभंग रचले. परंतु महिपतींच्या ओव्यांत विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, आपले पदक तिच्या घरी विसरतो, चोरीचा आळ जनीवर येतो, तिला सुळी देण्याचा हुकूम सुटतो आणि सुळाचेच पाणी होते. महिपतींची भक्ती निर्व्याज आहे, कथाही रसाळ आहे. तथापि पहाटे खुंटा धरून दळणाऱ्या त्या बाईचे भरून आलेले खांदे या तेजात दिसेनासे होतात.

महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'ची रीत निराळी. म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून आठवणी जमवल्या, म्हणून चक्रधरांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारी महदाइसा तेथे आजही बोलताना ऐकू येते.

पण स्त्रीने स्वतःच आपली हकीकत सांगितली म्हणजे काय घडते, हे बहिणाबाईच्या 'आत्मनिवेदना'त पाहावे. वेरूळजवळच्या देवगावच्या कुलकर्ण्याची ही लेक 1628 मध्ये जन्मली, तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराला दिली गेली, आणि घरच्यांबरोबर परागंदा होऊन बालवयातच कोल्हापुरास पोचली. तेथे दानात मिळालेल्या कपिलेचे वासरू तिच्या पायांत घोटाळू लागले. ती जयरामस्वामींच्या कीर्तनास निघाली की तेही मागे निघे. पुढे पत्नीचा नावलौकिक नवऱ्यास सोसेना, तेव्हा त्याने तिला मारले, बांधून घातले, आणि गाय-वासरांनी चारापाणी सोडले. अखेर ते वासरू मेले. ती निश्चेष्ट पडली, आणि त्याच अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले. दर्शन येथेही आहेच, पण त्याच्याआधी मार आहे, दोरी आहे, मेलेले वासरू आहे. ब्राह्मण स्त्रीने शूद्राला गुरू मानल्याने घरात उसळलेला संतापही तिने झाकलेला नाही. संतचरित्रांत इतके प्रांजळ लेखन मला दुसरे ठाऊक नाही.

वाचकांनी जनीची कथा जरूर वाचावी. पण तिच्या शेजारी बहिणाबाईचे निवेदन उघडून ठेवावे.