२६ टक्के म्हणजे नेमके किती? यूएस-६४ च्या लाभांशाची गोष्ट

शेअर किंवा फंडांच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत, तर तुमच्या हाती सगळ्यात आधी लाभांशाचा तक्ता येईल. एका बाजूला वर्ष, दुसऱ्या बाजूला टक्के. इतका सुबक की लगेच एक्सेलमध्ये टाकून आलेख काढावासा वाटतो. तो काढण्याआधी यूएस-६४ ची गोष्ट बघू.

युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया १९६३ च्या कायद्याने स्थापन झाली. टी. टी. कृष्णम्माचारी तेव्हा अर्थमंत्री होते. सुरुवातीचं पाच कोटींचं भांडवल रिझर्व्ह बँक, एलआयसी, स्टेट बँक वगैरे संस्थांनी घातलं. १ जुलै १९६४ ला पहिली योजना आली, युनिट स्कीम १९६४. दर्शनी किंमत १० रुपये. शेअर बाजाराची भीती वाटणाऱ्या माणसालाही कंपन्यांच्या नफ्यात वाटा मिळावा, ही कल्पना. पहिल्या वर्षी लाभांश ६.१ टक्के होता. १९९३ आणि १९९४ मध्ये तो २६ टक्क्यांवर पोचला. निवृत्त माणसांना आणखी काय हवं!

आता पहिला प्रश्न, आणि हा प्रश्न कुठल्याही तक्त्याला विचारायची सवय लावून घ्या: कशाचे २६ टक्के? दर्शनी किमतीचे. म्हणजे युनिटमागे २ रुपये ६० पैसे. पण युनिट १० रुपयांना मिळत नव्हतं. समजा तुम्ही १४ रुपये मोजलेत, तर हातात पडलेला दर साधारण साडेअठरा टक्के होतो. दर चांगलाच आहे, पण तक्त्यातला आकडा तो नाही. बँकेच्या मुदत ठेवीचा दर तुम्ही भरलेल्या रकमेवर असतो, हा दर्शनी किमतीवर. छेद वेगळे असलेले दोन टक्के एकाच आलेखात बसवले की निष्कर्ष चुकणारच.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हे पैसे आले कुठून? मी एमएस्सी केमिस्ट्रीत केलं, त्यामुळे डोकं आपोआप मास बॅलन्सकडे जातं. आत काय आलं, बाहेर काय गेलं, भांड्यात काय उरलं. फंडात आत येतं ते कंपन्यांचा लाभांश, व्याज, शेअर विकून झालेला नफा आणि नव्या गुंतवणूकदारांचे पैसे. बाहेर जातो लाभांश, पुनर्खरेदीची रक्कम आणि खर्च. भांड्यात उरतात बाजारभावाने मोजलेले शेअर आणि रोखे. यूएस-६४ मध्ये नेमकं हे शेवटचं मोजमाप गुंतवणूकदाराला दिसत नव्हतं. निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही, जाहीर होत नसे. विक्रीची आणि पुनर्खरेदीची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवी. लाभांशाचा दरही तसाच ठरे. तक्त्यातला प्रत्येक आकडा हा कुणीतरी बसून घेतलेला निर्णय आहे. थर्मामीटरचं रीडिंग वाचावं तसा तो वाचता येत नाही.

माझ्या मते सुरुवातीच्या काळात हे फारसं वाईट नव्हतं. चांगल्या वर्षी थोडं राखून ठेवायचं, वाईट वर्षी त्यातून द्यायचं. पण नव्वदच्या दशकात पैशाचा निम्म्याहून जास्त भाग शेअरमध्ये गेला. सेन्सेक्स सप्टेंबर १९९४ मध्ये ४,६०० च्या वर होता, जून १९९८ अखेर ३,५०० च्या खाली. तरी त्या वर्षी लाभांश २० टक्के, म्हणजे युनिटमागे दोन रुपये! ऑक्टोबर १९९८ मध्ये कळलं की राखीव निधी उणे झालाय. पैसे काढायला गर्दी झाली. दीपक पारेख समिती बसली. सार्वजनिक कंपन्यांचे शेअर सरकारने बाजारभावापेक्षा जास्त किमतीला बाजूला काढून घेतले, आणि युनिटची किंमत तीन वर्षांत एनएव्हीशी जोडायची असं ठरलं.

तेवढा वेळ मिळाला नाही. मार्च २००१ मध्ये बाजार कोसळला. एप्रिल-मेमध्ये मोठ्या कंपन्यांनी चार हजार कोटींहून जास्त रक्कम काढून घेतली, युनिटमागे चौदा रुपयांच्या वर. २ जुलै २००१ ला विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी बंद झाली. ऑगस्टपासून छोट्या धारकांना तीन हजार युनिटांपर्यंत १० रुपये मिळू लागले. वर्षअखेरीस एनएव्ही निघाला तेव्हा तो सहा रुपयांच्या आसपास होता. आता बॅलन्स मांडा: चौदा रुपये घेऊन गेलेल्यांचा जास्तीचा पैसा मागे राहिलेल्यांच्या वाट्यातून गेला, आणि उरलेली तूट करदात्यांनी भरली.

म्हणून ‘यूएस-६४ ही फसवणूकच होती’ हे विधान प्रबंधात टिकणार नाही. साठ-सत्तरच्या दशकात घेऊन ऐंशीच्या दशकात बाहेर पडलेल्याला खरंच उत्पन्न मिळालं. प्रवेशाचं वर्ष, बाहेर पडण्याचं वर्ष, तेव्हाच्या दोन किमती, आणि लाभांश परत गुंतवला की खर्च केला, हे सगळं धरून एकूण परतावा काढा. वार्षिक अहवालात आधी राखीव निधीचं पान उघडा. डिसेंबर २००२ चा संयुक्त संसदीय समितीचा अहवालही वाचा. कंटाळवाणा आहे, पण अशी सामग्री एका जागी सहसा मिळत नाही.

२००३ मध्ये ट्रस्टचे दोन भाग झाले आणि यूएस-६४ च्या धारकांना ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे देऊ केले गेले. पुढे १ एप्रिल २०२१ पासून सेबीने सगळ्याच म्युच्युअल फंडांच्या ‘लाभांश’ पर्यायाचं नाव बदलायला लावलं. आता त्याला ‘उत्पन्न वितरण आणि भांडवल काढणे’ अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळत असू शकतात, हे आता नावातच लिहिलेलं असतं.