‘धिस इज द एंड’ : जगबुडी आणि सहा नट

‘धिस इज द एंड’ हा २०१३ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन विनोदी चित्रपट. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या जोडीने तो लिहिला आणि दिग्दर्शितही केला. दिग्दर्शक म्हणून दोघांचाही हा पहिलाच चित्रपट होय. जगाचा अंत ओढवला असता हॉलिवूडमधील काही नामवंत नट एका आलिशान घरात अडकून पडतात, एवढेच त्याचे कथासूत्र. या नटांनी पडद्यावर स्वतःचीच नावे धारण केली आहेत आणि स्वतःच्या प्रतिमेची निर्दय थट्टा करून घेतली आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. चित्रपट कमालीचा चावट, प्रसंगी ओंगळ आहे. तरीही त्याच्या मुळाशी मैत्री टिकते कशावर, हा अगदी साधा आणि गंभीर प्रश्न आहे.

त्याच वर्षी दिग्दर्शक एडगर राइट यांचा ‘द वर्ल्ड्स एंड’ हा ब्रिटिश विनोदपटही आला. विषय आणि नाव दोन्ही जवळचे असल्याने अनेकांचा घोटाळा होतो. परंतु हे दोन चित्रपट सर्वस्वी भिन्न आहेत.

पार्श्वभूमी

रोगन आणि गोल्डबर्ग हे कॅनडातील व्हँकुव्हर शहरातले बालमित्र. किशोरवयातच त्यांनी एकत्र लेखन सुरू केले. त्या दिवसांवर आधारलेला ‘सुपरबॅड’ २००७ साली गाजला. त्यातील दोन नायकांची नावेही सेथ आणि इव्हान अशीच आहेत. पुढील वर्षी ‘पायनॅपल एक्सप्रेस’ आला. दरम्यान रोगन यांच्याभोवती नटांचे एक मित्रमंडळ जमले होते. त्याची सुरुवात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीक्स अँड गीक्स’ या दूरचित्रवाणी मालिकेपासून झाली. पॉल फीग यांनी निर्माण केलेल्या आणि जड ॲपटॉ यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या अल्पायुषी मालिकेत रोगन, जेम्स फ्रँको, जेसन सीगल आणि मार्टिन स्टार हे सारे एकत्र होते. हे चौघेही ‘धिस इज द एंड’मध्ये दिसतात.

चित्रपटाचे बीज २००७ सालच्या एका लघुपटात आहे. जेसन स्टोन यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या लघुपटात जगाचा अंत होत असताना एका घरात कोंडून घेतलेले रोगन आणि जे बारुशेल एकमेकांशी भांडत बसतात. त्याची झलक इंटरनेटवर आली आणि तिने लक्ष वेधून घेतले. दोघांचे भांडण सहा जणांवर नेऊन त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट करण्यास पुढे काही वर्षे गेली. कथा लॉस एंजेलिसमध्ये घडत असली तरी चित्रीकरण लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे झाले.

कथानक

(या भागात चित्रपटाचा शेवट सांगितला आहे.)

जे बारुशेल आपला जुना मित्र सेथ रोगन याला भेटण्यासाठी लॉस एंजेलिसला येतो. त्याला हे शहर आवडत नाही आणि सेथचे नवे मित्र तर मुळीच रुचत नाहीत. तरीही सेथ त्याला जेम्स फ्रँकोच्या नव्या घराच्या मेजवानीला नेतो. तेथे रिहाना, एमा वॉटसन, मिंडी केलिंग, अझीझ अन्सारी, केव्हिन हार्ट अशी प्रसिद्ध मंडळी जमलेली असतात. कंटाळलेला जे सेथला घेऊन जवळच्या दुकानात जातो आणि तेवढ्यात भूकंप होतो. आकाशातून निळे प्रकाशझोत उतरतात आणि आसपासची सामान्य माणसे त्यांतून वर उचलली जातात. धापा टाकत दोघे परततात, तर मेजवानी पूर्ववत चालू असते. फ्रँकोच्या घरातून एकही माणूस उचलला गेलेला नसतो. त्यामुळे बाहेर काय घडले याचा आत कोणालाच पत्ता नसतो. चित्रपटातील सर्वांत मार्मिक विनोद हाच म्हणावा लागेल.

यानंतर अंगणात आगीची दरी उघडते आणि बहुतेक पाहुणे तिच्यात नाहीसे होतात. घरात उरतात सेथ, जे, फ्रँको, जोना हिल आणि क्रेग रॉबिन्सन. आमंत्रण नसताना येऊन न्हाणीघरात झोपलेला डॅनी मॅकब्राइड दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो आणि काहीच ठाऊक नसल्याने काटकसरीने पुरवायचा शिधा एका न्याहारीत उडवून टाकतो. पुढचा बराच भाग पाण्याच्या वाटणीवर, एका चॉकलेटवर आणि जुन्या कुरबुरींवर खर्च होतो. जे यापूर्वीही या शहरात येऊन हॉटेलात राहून गेला होता आणि त्याने सेथला कळवलेही नव्हते, हे याच वेळी उघड होते. जग जळत असताना सेथला लागते ती नेमकी ही गोष्ट.

डॅनीला घराबाहेर काढले जाते, जोनाला भूतबाधा होते आणि घर पेटते. बाहेर पडताना क्रेग इतरांसाठी स्वतःचा जीव पणाला लावतो आणि तत्क्षणी प्रकाशझोत त्याला वर उचलतो. सुटकेचा मार्ग अजून बंद झालेला नाही, हे तेव्हा उमगते. मग फ्रँकोही त्याग करायला सरसावतो. झोत त्याला उचलूही लागतो. परंतु वर जाता जाता तो नरभक्षकांचा म्होरक्या बनलेल्या डॅनीला हिणवतो, झोत विझतो आणि तो खाली कोसळतो. अखेरीस जे वर जाऊ लागतो तेव्हा सेथ त्याचा हात धरून ठेवतो. आपल्या भाराने मित्रही अडकेल हे लक्षात येताच तो हात सोडून देतो आणि त्या एका कृतीमुळे त्याचाही उद्धार होतो.

स्वतःचेच सोंग

नटांनी स्वतःच्या नावाने पडद्यावर येणे नवे नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गुड्डी’त (१९७१) धर्मेंद्र स्वतःच्याच भूमिकेत होते, अलीकडे ‘एके व्हर्सेस एके’त (२०२०) अनिल कपूर आणि अनुराग कश्यप यांनी हाच खेळ अधिक तिखटपणे मांडला. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘द प्लेयर’मध्येही (१९९२) अनेक तारे स्वतः म्हणून डोकावतात. ‘धिस इज द एंड’चा वेगळेपणा असा की येथे ही युक्ती सबंध चित्रपटभर चालते आणि प्रत्येक जण स्वतःविषयीच्या लोकापवादाचाच अभिनय करतो.

आरंभीच विमानतळावर कॅमेरा घेतलेला एक इसम रोगनला विचारतो, की प्रत्येक चित्रपटात तू एकसारखाच का असतोस. फ्रँको कलासंग्राहकाचा आव आणतो. लाजाळू मुलाच्या भूमिकांसाठी ओळखला जाणारा मायकेल सेरा येथे नशेत धुंद, निर्लज्ज दाखवला आहे. जोना हिल याला ‘मनीबॉल’साठी नुकतेच ऑस्करचे नामांकन मिळाले होते, चित्रपटातला जोना प्रार्थना करताना देवालाही आपली ओळख ‘मनीबॉल’मधला म्हणून करून देतो. हे नटांचे खरे स्वभाव आहेत असे मानण्याचे कारण नाही. प्रेक्षकाला खरे आणि खोटे यांच्या सीमेवर अस्वस्थ ठेवणे, हेच या तंत्राचे काम.

धर्मकल्पनेचा आधार

चित्रपटातील प्रकाशझोतांमागे ‘रॅप्चर’ ही ख्रिस्ती कल्पना आहे. अंतकाळी श्रद्धावंतांना मेघांत उचलून घेतले जाईल, असा उल्लेख बायबलमधील थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (४:१७) येतो. भूकंप, श्वापद आणि सैतान यांची चित्रे नव्या करारातील शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातून आली आहेत. चित्रपटात जे तोच ग्रंथ इतरांना वाचून दाखवतो. संकटकाळापूर्वी श्रद्धावंत उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, या स्वरूपातील मत मात्र एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने रूढ केले आणि ते विशेषतः अमेरिकेतील इव्हँजेलिकल पंथांत रुजले. १९९५ पासून निघालेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबऱ्यांनी ते घरोघरी नेले. कॅथलिक परंपरेत या मताला स्थान नाही. त्यामुळे गोव्यातील ख्रिस्ती वाचकांनाही ही मांडणी काहीशी परकी वाटू शकते.

आपल्याकडील प्रलयाची कल्पना याहून निराळी आहे. कल्पान्ती सृष्टीचा लय होतो आणि पुन्हा नवी सृष्टी उदयास येते. तेथे चक्र आहे, येथे एकदाच होणारा अंतिम निवाडा. हा निवाडाच चित्रपटाला नाट्य पुरवतो. ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतले, ते त्या निवाड्यात नापास ठरतात.

तथापि चित्रपट धर्मशास्त्राशी प्रामाणिक नाही. एका निःस्वार्थ कृतीने मागाहून वर जाता येते, हा नियम लेखकांनी रचलेला आहे. दोघेही लेखक ज्यू कुटुंबांतले. ख्रिस्ती पुराणकथा त्यांनी बाहेरून पाहिली आणि तिचा नीतिकथेसारखा उपयोग केला. २०११ च्या मे महिन्यात अमेरिकेतील रेडिओ-धर्मोपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांचे जगाच्या अंताचे भाकीत फसले होते आणि २०१२ च्या डिसेंबरातील माया दिनदर्शिकेची चर्चाही ताजी होती, हे ध्यानी घेतले म्हणजे ही थट्टा तेव्हा का रुचली ते कळते.

चावटपणा आणि त्याची मर्यादा

अमेरिकेत चित्रपटाला ‘आर’ श्रेणी मिळाली, म्हणजे सतरा वर्षांखालील प्रेक्षकांना पालकांसोबतच प्रवेश. शिवराळ भाषा, मादक पदार्थ, हिंसा आणि लैंगिक विनोद यांची त्यात रेलचेल आहे. त्यातला एक प्रसंग आजही चर्चेत असतो. बाहेरून जीव वाचवून आलेल्या एमा वॉटसनला असुरक्षित वाटू नये म्हणून पुरुष मंडळी कुजबुजत विचारविनिमय करतात. ती कुजबुज ऐकून तिचा भलताच समज होतो आणि कुऱ्हाड उगारून, त्यांच्याकडचे सामान घेऊन ती निघून जाते. हा विनोद पुरुषांच्या अवघडलेपणावर आहे, असे काही मानतात; विषयच हसण्याजोगा नाही, असे इतरांचे मत आहे.

चित्रीकरणाच्या वेळी एका दृश्यातून वॉटसन बाजूला झाल्या होत्या. त्याविषयी उलटसुलट बातम्या आल्यावर २०२१ मध्ये रोगन यांनी खुलासा केला, की ते दृश्य ठरलेल्या संहितेपेक्षा बदलले होते आणि वॉटसन यांचा निर्णय परस्परसंमतीने झाला होता. आयत्या वेळी सुचलेल्या विनोदावर उभ्या राहणाऱ्या चित्रपटांत कलाकाराच्या संमतीचे काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

प्रतिसाद आणि पुढचा काळ

कोलंबिया पिक्चर्सने १२ जून २०१३ रोजी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित केला. सुमारे ३.२ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १२.६ कोटी डॉलरची कमाई केली. समीक्षकांचा सूरही बहुतांशी अनुकूल होता. दुसऱ्या वर्षी याच जोडीने ‘द इंटरव्ह्यू’ हा वादग्रस्त चित्रपट केला. त्यातही रोगन आणि फ्रँको एकत्र होते.

पडद्यावरील मैत्रीला पुढे वास्तवाने छेद दिला. २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी फ्रँको यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. फ्रँको यांनी ते नाकारले. २०२१ मध्ये रोगन यांनी, फ्रँको यांच्यासोबत काम करण्याचा आपला विचार नसल्याचे सांगितले. त्यामुळे मित्रासाठी हात सोडून देणाऱ्या माणसाची ही कथा आज पाहताना, ज्या मंडळातून ती जन्मली ते मंडळ विस्कटले आहे, याचे भान राहतेच.

चित्रपट १०७ मिनिटांचा आहे. कुटुंबासमवेत पाहण्याजोगा तो निश्चितच नाही. परंतु प्रसिद्धीच्या जगाने स्वतःवरच उगारलेला आसूड ज्यांना पाहायचा आहे आणि ओंगळ विनोदाच्या थराखालची नीतिकथा शोधण्याइतका संयम ज्यांच्यापाशी आहे, अशा प्रौढ प्रेक्षकांना तो निराश करणार नाही.