पहिले पान कोणाचे?

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी असावयाचीच, असे आपण गृहीत धरतो. परंतु ही रीत फार जुनी नव्हे. लंडनचे ‘टाइम्स’ १७८५ साली जॉन वॉल्टर यांनी निराळ्या नावाने काढले. १७८८ साली त्याला आजचे नाव मिळाले. या मातब्बर पत्राच्या पहिल्या पानावर १९६६ सालापर्यंत जन्म, विवाह, मृत्यू, नोकऱ्या यांच्या बारीक टायपातल्या जाहिरातीच रकान्यांत दाटीने बसत. १९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला, १९६३ साली केनेडींची हत्या झाली. या वार्तांनाही आतल्याच पानांत जागा मिळाली.

हा काय केवळ इंग्रजांचा हेकटपणा होता? तसे नव्हे. जुने वर्तमानपत्र म्हणजे घडी घातलेला एक मोठा ताव. त्याची बाहेरची बाजू जाहिरातींनी आधी छापून ठेवावयाची आणि आतली बाजू रात्री उशिरा येणाऱ्या वार्तांसाठी राखावयाची, ही छापखान्याची सोय होती. शिवाय वाचक बहुधा बांधलेला. पत्र घरी किंवा क्लबात येई. त्याला हाक मारून बोलावण्याची गरज नव्हती.

१८५५ साली इंग्लंडात वर्तमानपत्रांवरील मुद्रांक-कर उठला. पत्रे स्वस्त झाली आणि घाईत चाललेला माणूसही गिऱ्हाईक झाला. त्याला थांबवावयाचे तर मथळा दिसला पाहिजे. आर्थर पिअर्सन यांनी १९०० साली ‘डेली एक्सप्रेस’ काढले, ते पहिल्या पानावर बातमी घेऊनच. ‘मँचेस्टर गार्डियन’ने १९५२ साली, आपल्याकडे मद्रासच्या ‘हिंदू’ने १९५८ साली तीच वाट धरली. अखेर ३ मे १९६६ रोजी ‘टाइम्स’ही नमले.

या बदलाने वाचकाची सोय झाली, यात शंका नाही. पण त्याबरोबर एक अधिकारही हातचा गेला. जाहिरातींचे पान उलटून आत शिरणारा वाचक आपली बातमी आपण शोधी. आता कोणती घटना मोठी आणि कोणती लहान, हे वाचण्यापूर्वीच टायपाचा आकार ठरवून देतो. आठ रकानी मथळा हे निवेदन नव्हे, तो निकाल आहे. आणि तो देणारा संपादक आपल्याला दिसत नाही.

गंमत अशी की, आज आपल्याकडील कित्येक दैनिकांचे पहिले पान पुन्हा पानभर जाहिरातीने झाकलेले असते. चक्र फिरून तेथेच आले म्हणावे, तर तेही खरे नाही. जुन्या पानावर शेकडो सामान्य माणसांच्या दोन-दोन ओळी होत्या. नव्या पानावर एकच धनको बोलतो.

तेव्हा श्रोतेहो, पहिले पान कोणाचेही असो, संपादकाचे वा जाहिरातदाराचे, पान उलटणारा हात मात्र आपला आहे. तो आळसावू देऊ नये.