तार गप्प झाली तर

मुलुंड, 1972. रस्त्याचं कागदोपत्री नाव काहीही असो, तुमच्या तोंडी तो आग्रा रोडच. भोंगा झालाय आणि तुम्ही कार्ड पंच करून रात्रपाळीला आत शिरलाय. वय वीस, आयटीआय पास, खिशात टेस्टर आणि डोक्यात आपल्याला सगळं येतं ही समजूत. कारखाना रसायनांचा आहे. शर्टाला बसलेला वास आईने दोनदा साबण लावला तरी जात नाही.

कंट्रोल रूममध्ये भिंतभर उभं पॅनेल आहे. त्यात गोल चार्ट, शाईच्या पेना, काटे. संगणकाचं नाव नाही आणि विजेचं कामही जवळजवळ दिव्यांपुरतंच. पॅनेलच्या मागे जा. तिथे पाव इंची तांब्याच्या नळ्यांचं रान माजलंय आणि त्यातून सतत बारीक फुसफुस चालू आहे. बाहेर टाकीवर बसवलेलं यंत्र आतली पातळी मोजतं आणि हवेच्या दाबात इथे कळवतं. वीस पीएसआयची हवा त्याला पुरवायची, तीन ते पंधरा पीएसआयचा निरोप त्याच्याकडून घ्यायचा. टाकी रिकामी असेल तर तीन, काठोकाठ असेल तर पंधरा. पॅनेलवरचा कंट्रोलर तो दाब वाचतो आणि आपल्या दाबाने बाहेरचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो.

इन्स्ट्रुमेंटचे काका तुमची परीक्षा घेतात.

“काटा कुठे आहे?”

“तीनवर.”

“म्हणजे टाकीत किती?”

“काही नाही.”

“बरोबर. आणि शून्यावर गेला तर?”

“अजून कमी?”

“रिकाम्यापेक्षा रिकामं काय असतं रे? शून्यावर गेला म्हणजे टाकीचं आपल्याला काहीच माहीत नाही. नळी फुटली, कॉम्प्रेसर बसला, काहीतरी झालंय. पळ बाहेर.”

मोजणी शून्यापासून सुरू न करता तीनपासून करायची, ही युक्ती ज्याला सुचली त्याला कारखान्यांचा स्वभाव कळला होता. टाकी रिकामी आहे ही बातमी असते. निरोपच न येणं ही वेगळी बातमी असते. दोन्ही एकाच खुणेने आल्या तर माणसं मरतात.

काका तुमच्या हातात सुईसारखी बारीक तार देतात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी उतरतं, थोडं तेल येतं आणि यंत्राच्या आतलं केसाएवढं छिद्र बुजतं. मग काटा आळसावतो. तुम्ही झाकण काढता, तार हलक्या हाताने त्या छिद्रातून आरपार करता, आणि फुसफुस परत सुरात येते. जास्त जोर लावला तर छिद्र मोठं होतं आणि ते यंत्र पुन्हा खरं बोलत नाही.

या पद्धतीची मर्यादा तुमच्या नाकाला रोज कळते. लांब नळीतून दाब पोचायला वेळ लागतो, म्हणून कंट्रोल रूम प्लांटला खेटूनच हवी. लांबून कारभार, पण हाकेच्या अंतरावरून.

या प्रवासात वर्ष बदललं की नोकरी बदलते, एवढी सवलत तुम्हाला आहे. आता 1988, भांडुप. हवेच्या जागी वीज आलीय. तीन ते पंधरा पीएसआयचं चार ते वीस मिलीअँपिअर झालंय, पण शहाणपण तेच: शून्य कशालाच दिलेलं नाही. तार तुटली की शून्य, आणि शून्य दिसलं की समजायचं तार तुटली. विजेला अंतराचं वावडं नाही, त्यामुळे कंट्रोल रूम प्लांटपासून दूर सरकते, तिला काचा बसतात आणि एसी लागतो. एसी तुमच्यासाठी नाही, आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डांसाठी आहे.

आज लूप चेक. तुम्ही टाकीच्या माथ्यावर उन्हात, जोडीदार आत थंड हवेत, मध्ये वॉकीटॉकी.

“चार देतो. काय दिसतंय?”

“झीरो टक्के.”

“आता बारा.”

“पन्नास. बरोबर. तार काढ बघू.”

तुम्ही टर्मिनलमधून तार सोडवता. आत अलार्म कोकलतो. जोडीदार खूश. लूप चेकमध्ये शेवटी जो तार काढून बघत नाही त्याने लूप चेक केलेलाच नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र प्रत्येक यंत्राला आपली दोन तारांची जोडी. पाचशे यंत्रं तर पाचशे जोड्या. केबल ट्रे वाकतात आणि तांब्याचं बिल बघून मालकाचा चेहरा उतरतो.

1997. साकीनाक्याचा एक गाळा. खाली पत्र्याचं प्रेस काम, वर पोटमाळ्यावर पॅनेल वायरिंग, जिन्यात चहाचे ग्लास. इथून अंधेरीचं एमआयडीसी जवळ, 1973 साली उभं राहिलेलं सीप्झही जवळ, आणि काहीही कमी पडलं तर पोऱ्याला लॅमिंग्टन रोडला पिटाळायचं. तुमच्यासमोर टेबलावर वीसेक मीटर आणि कंट्रोलर मांडलेत आणि सगळ्यांमधून एकच दोन तारांची जोडी फिरलीय.

या तारेवर बोलण्याची रीत मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने 1979 साली घालून दिली. नाव मॉडबस. तिचा कायदा सोपा आहे. एक मालक, बाकी सगळे चाकर, आणि विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. मालक नंबर घेऊन विचारतो: सात नंबर, तापमान किती? सात सांगतो, बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मग आठ. आरएस-485 च्या जोडीवर अशी बत्तीस यंत्रं आणि बाराशे मीटरपर्यंत तार चालते. कारखान्याच्या मालकाला तांब्याचे पैसे वाचलेले दिसतात. तुम्हाला वेगळंच दिसतं: आता एका तारेवर सगळ्यांचा जीव टांगलाय.

आणि आज बारा नंबर उत्तर देत नाही. तुम्ही आधी ए आणि बी तारा उलटसुलट तर नाहीत ना ते बघता. मग बॉड रेट. मग एकच नंबर दोघांना दिलाय का ते, कारण मग दोघं एकदम बोलतात आणि कळत कोणाचंच नाही. शेवटी टोकाचं 120 ओहमचं रेझिस्टन्स कोणी लावलंच नव्हतं असं निघतं. ते नसलं की निरोप तारेच्या टोकावर आपटून परत येतो आणि पुढच्या निरोपात मिसळतो. चार आण्याची वस्तू, अर्धा दिवस खाल्ला.

गप्प राहण्याचा अर्थ इथे मालकाने लावायचा असतो. ठरलेल्या वेळात उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं, तरी नाही आलं तर बोंब मारायची. जुन्या नळीत ही सोय हवेतच होती, काटा आपोआप पडायचा. आता ती कोणाला तरी प्रोग्रॅममध्ये लिहावी लागते. लिहायची विसरली तर पडदा शेवटचा आकडा धरून बसतो. तापमान 84, तासानंतरही 84. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच वर्षी, त्याच उपनगरांत एक वेगळी व्यवस्थाही चालू आहे. घाटकोपरच्या टेकडीवर पालिकेची पाण्याची टाकी आहे. खाली रस्त्यात महापालिकेचा चावीवाला लोखंडी लांब चावी खड्ड्यात उतरवून व्हॉल्व्ह फिरवतोय. आटे तोंडाने मोजतोय. कुठल्या गल्लीला किती आटे हे त्याच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. शंभर किलोमीटरहून लांबच्या धरणांतून उतारावर वाहत आलेलं पाणी शेवटच्या टप्प्यात या माणसाच्या मनगटावर येऊन थांबतं. पाणी पोचलं की नाही हे कळवायला तार नाही. नाही पोचलं तर अर्ध्या तासात बायका हंडे घेऊन चौकीवर हजर. इतकी भरवशाची पोच मला अजून कुठल्या यंत्रणेत सापडलेली नाही.

मंगळवार, 26 जुलै 2005. तुम्ही उपनगरातल्या वीजपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये आहात. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडणार आहे, पण आत्ता दुपार आहे आणि हे कोणालाच माहीत नाही. समोरच्या पडद्यावर सबस्टेशन, फीडर, ब्रेकर. लाल म्हणजे चालू, हिरवं म्हणजे बंद, वाहतुकीच्या दिव्यांच्या बरोबर उलट, आणि नव्या माणसाचा इथे पहिला महिना गोंधळ होतोच. प्रत्येक ठिकाणी आरटीयू नावाचं खोकं बसलंय. ते ब्रेकरची अवस्था इकडे कळवतं आणि इकडचा हुकूम ब्रेकरला देतं.

संध्याकाळी पाणी सबस्टेशनांत शिरतं. शॉक लागून माणसं जाऊ नयेत म्हणून वीज मुद्दाम बंद करावी लागते. मग एकेक आरटीयू राखाडी होऊ लागतं. बॅटरी संपली, नाहीतर खोकंच बुडालं. राखाडी म्हणजे: समोर दिसतोय तो आकडा जुना आहे, त्यावर विसंबू नका. शेवटचा आकडा धरून बसणाऱ्या पडद्यावर शोधलेला हा उपाय. मोबाइल लागत नाहीत. रस्त्यावर छातीभर पाणी, म्हणून माणूस पाठवून बघण्याचीही सोय नाही. उपनगरांचा नकाशा समोर आहे आणि त्यातला मोठा भाग तुम्हाला काहीही सांगत नाही.

2014 मध्ये फार थांबायचं कारण नाही. 8 जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झालीय, 11.4 किलोमीटर, बारा स्टेशनं, आणि तुम्ही साकीनाक्यावरून, त्या गाळ्यांच्या डोक्यावरून चाललाय. एवढंच लक्षात घ्या की पुढे जायची परवानगी गाडीला सतत मिळत राहावी लागते. ती यायची थांबली की ब्रेक लागतो. गप्प म्हणजे थांबा. रेल्वेवाल्यांनी हा प्रश्न सगळ्यांत कडक रीतीने सोडवलाय, कारण गाडी थांबवता येते. शहराची वीज थांबवणं हा उपाय होत नाही.

सोमवार, 12 ऑक्टोबर 2020, सकाळी दहाच्या सुमारास. बोरिवलीच्या घरात तुम्ही लॅपटॉप उघडून बसलाय, टाळेबंदीचे दिवस. पंखा मंदावतो, वायफाय जातं, लोकल जागच्या जागी उभ्या. मुंबईला लागणारी बरीचशी वीज बाहेरून, कळवा-पडघ्याच्या बाजूने मोठ्या वाहिन्यांवरून येते. त्यातल्या काही आधीच बंद होत्या, उरलेल्यांवर भार चढला आणि त्याही गेल्या. अशा वेळी शहराने बाकीच्या जाळ्यापासून स्वतःला तोडून ट्रॉम्बे, डहाणूच्या विजेवर तग धरायचा, अशी ‘आयलंडिंग’ची योजना होती. ती त्या दिवशी पार पडली नाही.

गोष्ट इथे संपत नाही. 28 फेब्रुवारी 2021 ला रेकॉर्डेड फ्यूचर ही अमेरिकी कंपनी अहवाल काढते: भारताच्या वीजयंत्रणेच्या संगणकांत चीनशी संबंधित घुसखोरीच्या खुणा आहेत. दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन मुंबईच्या अंधारामागे घातपाताची शक्यता बोलून दाखवतात. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणतात, तसा पुरावा नाही, चूक माणसांची. मला स्वतःला केंद्राचं म्हणणं जास्त पटतं. बंद वाहिन्या आणि चढलेला भार एवढ्यानेच शहर अंधारात जाऊ शकतं, त्यासाठी हॅकर लागत नाही. पण प्रश्न खोटा नव्हता.

कारण साकीनाक्याच्या टेबलावरची ती मॉडबस आठवा. सात नंबरच्या नावाने जो बोलेल तो सात नंबर. ओळख विचारायची पद्धतच नाही. 1979 मध्ये तार कारखान्याच्या कुंपणाआत होती, तिथे परका येणार कुठून? मग तीच तार इंटरनेटला लागली. 2010 मध्ये स्टक्सनेट नावाचा घातपाती प्रोग्रॅम उघडकीला आला तेव्हा जगाला कळलं की इराणमध्ये नतान्झला सेंट्रिफ्यूज बिघडत होते आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसत होतं. काकांच्या तीनच्या काट्याने गप्प तार ओळखता येत होती. खोटं बोलणारी तार ओळखायला त्याचा उपयोग नाही.

आता आजचा दिवस. बोरिवलीत रस्त्याच्या कडेला खड्डा खणलाय, आत वीजकेबल, भोवती चार माणसं आणि तुम्ही. ब्रेकर कित्येक किलोमीटरवरच्या कंट्रोल रूममधून उघडला गेलाय, फायबरवरून पोच आलीय, पडद्यावर हिरवं. लेखी परमिट हातात आहे. तरीही केबल कापायला कोणी वाकत नाही. जॉइंटर तिच्यावर एक अवजार बसवतो, सगळ्यांना मागे सारतो आणि लांबून चाप ओढून केबलच्या पोटात खिळा घुसवतो. केबल जिवंत असली तर तो दणका खिळा खाणार.

फोनवर कंट्रोल रूमचा तरुण इंजिनिअर जरा वैतागलाय. मघापासून तीनदा सांगितलं, फीडर बंद आहे.

“मेलीय ना साहेब, मान्य आहे,” जॉइंटर दुसरा खिळा भरत म्हणतो. “मग अजून एकदा मारली तर तिला कुठे लागणार आहे?”