पाळी जाण्याची तारीख कोण ठरवतं?

२०१९च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातून एक बातमी जगभर पसरली. तिथल्या 'प्रोफॅम' नावाच्या खासगी कंपनीने दावा केला होता की, बायकांची रजोनिवृत्ती २० वर्षांपर्यंत पुढे ढकलता येईल. पद्धत ऐकायला सोपी होती. तरुण वयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशयाचा छोटा तुकडा काढायचा, तो उणे १५० अंशांना गोठवून ठेवायचा आणि पाळी जायची वेळ आली की पुन्हा शरीरात बसवायचा. तुकडा रुजला की संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, पुन्हा तयार होऊ लागतात. खर्च ७ ते ११ हजार पौंड. बातमी आली तेव्हा नऊ जणींचे तुकडे गोठवून झालेही होते.

मग ओघानेच प्रश्न आला: बायकांना हे हवंय का?

प्रश्न नवा वाटतो, पण त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात तो खुद्द बायकांना फार कमी वेळा विचारला गेला. त्यांच्या वतीने उत्तरं देणारे मात्र पुष्कळ होते.

आधी शरीराचा हिशेब. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजांडं असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची गुपचूप विरून जातात. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी थांबते. युरोप-अमेरिकेत हे सरासरी ५१व्या वर्षी होतं, भारतात ४६-४७व्या वर्षी. म्हणजे रजोनिवृत्ती पुढे ढकलायची तर हा साठा वाचवायचा, नाहीतर त्यातला काही भाग बाजूला काढून ठेवायचा.

'मेनोपॉज' हा शब्द शार्ल द गार्दान या फ्रेंच डॉक्टरने १८२१मध्ये रूढ केला. तोवर या गोष्टीला प्रत्येक भाषेत बायकांचे आपापले शब्द होते. मराठीत आजही 'पाळी गेली' म्हणतात, पाहुणा गेल्यासारखं. डॉक्टरी नाव मिळालं आणि घरातली गोष्ट दवाखान्यात आली. तिथे गेल्यावर डॉक्टरांनी जे पहिलं मोठं काम केलं, ते रजोनिवृत्ती लांबवण्याचं नव्हतं. ते ती अलीकडे ओढण्याचं होतं.

ऑगस्ट १८७२. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रोम नावाच्या गावी रॉबर्ट बॅटी या सर्जनने दर महिन्याला असह्य त्रास होणाऱ्या एका तरुण बाईची दोन्ही अंडाशयं काढून टाकली. पाळी थांबली की त्रास थांबेल, हा त्याचा तर्क. बाई वाचली आणि शस्त्रक्रियेची साथच आली. 'बॅटीचं ऑपरेशन' फिट्स, हिस्टेरिया, चिडचिड, 'अतिकामुकता' अशा कशावरही होऊ लागलं. अनेकींची काढलेली अंडाशयं धडधाकट होती. तिशीतल्या बाईला एका दुपारीत पन्नाशीची करून घरी पाठवलं जायचं. मग घामाच्या वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं तिचं तिने निस्तरायचं.

याच काळात अंडाशय नेमकं करतं काय, हे कोडं उलगडू लागलं. व्हिएन्नातल्या एमिल क्नाउअरने १८९६च्या सुमारास सशांवर प्रयोग केले. अंडाशय मूळ जागेवरून काढून शरीरात दुसरीकडे लावलं तरी ते आपलं काम करत राहतं, असं त्याला दिसलं. म्हणजे ते रक्तात काहीतरी सोडत असणार. बर्मिंगहॅमच्या गोठवलेल्या तुकड्याची ही खापरपणजी.

ते 'काहीतरी' म्हणजे इस्ट्रोजेन. १९२९मध्ये ते शुद्ध रूपात हाती आलं. आता प्रश्न होता तो मुबलक आणि स्वस्त मिळवण्याचा. त्याचं उत्तर तबेल्यात सापडलं. गाभण घोडीच्या लघवीत इस्ट्रोजेन भरपूर असतं. 'गाभण घोडीची लघवी' यासाठीच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून औषधाचं नाव पडलं 'प्रिमॅरिन'. १९४२मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. घामाच्या वाफांनी हैराण झालेल्या बायकांना त्याने खरोखर आराम पडत होता, हे इथेच नोंदवायला हवं. पुढे जे झालं त्यात दोष गोळीचा कमी आणि गोळीभोवती रचलेल्या गोष्टीचा जास्त होता.

ती गोष्ट रचली ब्रुकलिनच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने. १९६६मध्ये त्याचं 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. त्याचं म्हणणं असं: रजोनिवृत्ती हा आजार आहे, मधुमेहासारखा. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं, इथे इस्ट्रोजेन. म्हणून बाईने ते कायम घ्यावं आणि कायम 'बाई' राहावं. न घेणाऱ्या बायकांचं त्याने केलेलं वर्णन आज वाचवत नाही. पुस्तकात एक प्रसंग आहे. एक नवरा दवाखान्यात येतो, टेबलावर पिस्तूल ठेवतो आणि बजावतो की, माझी बायको बरी झाली नाही तर मी तिला मारून टाकीन. विल्सनच्या लेखी या प्रसंगातला पेशंट कोण? बायको. उपचार तिच्यावर झाले.

या एका प्रसंगात त्या काळाचं सगळं शास्त्र आलं. 'बायकांना काय हवंय?' या प्रश्नाचं उत्तर नवरा देत होता, डॉक्टर ते लिहून देत होता आणि गोळी कंपनी विकत होती. २००२मध्ये विल्सनच्या मुलाने सांगितलं की, पुस्तकाचा खर्च औषध कंपनीनेच उचलला होता.

डिसेंबर १९७५मध्ये पहिला दणका बसला. इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं प्रमाण कितीतरी पट जास्त असल्याचे दोन अभ्यास एकाच अंकात छापून आले. खप घसरला. मग इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टिन देण्याची पद्धत आली. त्याने अस्तराचं संरक्षण होत होतं. खप पुन्हा चढला. आता जाहिरातीत चिरतारुण्याऐवजी हाडं आणि हृदय आलं.

या दाव्यांची खरी कसोटी लागायला २००२ साल उजाडावं लागलं. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या सरकारी अभ्यासात १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना ही दुहेरी गोळी आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली होती. सरासरी पाच वर्षांनंतर जुलैमध्ये हा प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त आढळत होते. कंबरेचं हाड मोडण्याचे प्रसंग ५ने कमी होते. घबराट पसरली आणि लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हा तपशील त्या गदारोळात हरवला. पुढच्या विश्लेषणांत दिसलं की, साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले तर धोका बराच कमी असतो आणि फायदा जास्त. म्हणजे आधी गरज नसलेल्यांना गोळ्या दिल्या गेल्या आणि मग गरज असलेल्यांनाही त्या मिळेनाशा झाल्या.

विल्सनचं पुस्तक गाजत होतं त्याच सुमारास मार्शा फ्लिंट ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ राजस्थान आणि हिमाचलमधल्या ४८३ राजपूत बायकांशी बोलली. तिचा लेख १९७५मध्ये छापून आला. पाळी थांबण्यापलीकडे आपल्याला काही त्रास झाल्याचं या बायकांपैकी फारच थोड्या सांगत होत्या. उलट पाळी जाण्याची वाट पाहणाऱ्या खूप होत्या. कारण पाळी गेली की पडदा जायचा. बाई घराबाहेर पडू शकायची, पुरुषांमध्ये बसून बोलू-हसू शकायची. फ्लिंटने लेखाच्या शीर्षकातच विचारलं होतं की, रजोनिवृत्ती ही शिक्षा की बक्षीस? 'त्रास नाही' म्हणजे शरीराला काही झालंच नाही, असं मात्र समजायला नको. कदाचित मिळालेल्या मोकळिकीपुढे घामाच्या वाफा किरकोळ वाटल्या असतील, कदाचित त्या परक्या बाईला सांगायच्याच नसतील. पण एवढं नक्की की, त्यांना कुणी २० वर्षं वाढवून देऊ केली असती, तर ती २० वर्षं पडद्याची झाली असती.

'पाळी पुढे ढकलणं' आपल्याला अपरिचित नाही. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरचं लग्न अशी तारीख कॅलेंडरवर आली की कितीतरी मराठी घरांत मेडिकलमधून गोळ्या येतात. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरोन असतं, म्हणजे इस्ट्रोजेनच्या जोडीला देऊ लागले त्याच प्रोजेस्टिनच्या कुळातलं औषध. गोळी बाईच घेते, बहुतेक वेळा स्वतःहून मागूनही घेते. पण विटाळ पाळायचा नसता, तर तिने ती मागितली असती का?

आणि मग बीड. बर्मिंगहॅमची बातमी आली त्याच वर्षी, २०१९मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या 'पिशव्या' काढल्या जात असल्याचं देशभर गाजत होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड. फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घातली जायची आणि ऑपरेशन सुचवलं जायचं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. यांतल्या पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती दुसऱ्याच दिवशी येते. ती ठेवली तरी काही वर्षं आधी येण्याची शक्यता वाढते. बॅटीचं ऑपरेशन शंभर वर्षांपूर्वीच बंद पडलं, असं इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. बीडमध्ये ते वेगळ्या नावाने आणि वेगळ्या कारणाने होत राहिलं. या बायकांनी संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा दिलेला असतो. कागदापुरतं बोलायचं, तर त्यांना तेच 'हवं' होतं.

आता नवी आश्वासनं येत आहेत. गोठवलेल्या तुकड्याचं तंत्र मुळात कॅन्सरच्या तरुण रुग्णांसाठी विकसित झालं. केमोथेरपीआधी तुकडा काढून ठेवायचा आणि नंतर परत लावायचा. २००४मध्ये बेल्जियममध्ये अशा बाईला मूल झालं. ही मोठी गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रॅपामायसिन हे औषध अंडाशयाचं म्हातारपण लांबवतं का, हे तपासलं जात आहे. हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं आणि अवयवरोपणाच्या रुग्णांना आजही देतात.

हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागेल. पाळी उशिरा गेली तर हाडं जास्त काळ टिकतात, हृदयविकार कमी दिसतो. पण उशिराच्या प्रत्येक वर्षामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो. शिवाय पाळी लांबली म्हणजे पॅड, कळा आणि अंगावरून जाणंही लांबलं.

म्हणून 'बायकांना हवंय का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. तिशीत अंडाशयं निकामी झालेल्या मुलीला हे हवं असेल, आणि तिला ते मिळायला हवं. करिअर आणि मूल यांच्या तारखा जुळत नाहीत अशी एखादी विचार करेल, पण तारखा जुळत नाहीत तो दोष अंडाशयाचा नसून ऑफिसचाही असू शकतो. फडातल्या बाईला आज कुणी पाळीची २० वर्षं वाढवून दिली, तर ती हात जोडेल. तिला आधी संडास हवा, पगारी सुट्टी हवी आणि खरं बोलणारा डॉक्टर हवा.

एवढं मिळाल्यावर तिला पुन्हा विचारून बघा. तेव्हा ती जे सांगेल ते तिचं उत्तर असेल.